रस्ता अडला तर घोडा वळवा: एल्डन रिंगवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एल्डन रिंगवर चार ओळी लिहिल्या आणि मेसेज यायला लागले, नांदेड, परभणी, बीड, लातूर, सगळीकडून. म्हणून या वेळी अख्खं सदर याच एका गेमला दिलंय. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा हा फँटसी रोल प्लेइंग गेम, 25 फेब्रुवारी 2022 ला प्लेस्टेशन फोर (पीएस फोर), पीएस फाइव्ह, एक्सबॉक्स आणि पीसीवर आला, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि त्या वर्षीचा द गेम अवॉर्ड्समधला गेम ऑफ द इयर यालाच मिळाला. आभाळाला टेकलेलं एक सोनेरी झाड, मोडून पडलेलं राज्य, आपसात भांडून सडलेले राजे-सरदार, आणि आपण म्हणजे एकेकाळी हाकलून दिलेला अन आता परत बोलावलेला योद्धा. मी दीडशे तासांच्या वर खेळलोय आणि माझा लै आवडता गेम आहे, पण आवडता आहे म्हणून त्याच्या खोडी झाकणार नाही.

प्रश्न, अंबाजोगाईहून: दादा, मी समुराई हे पात्र घेऊन सुरू केलं, दोन आठवडे झाले पहिल्या किल्ल्याच्या वाटेवरच्या त्या मार्गिट बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूपाशी, अडकलोय. चाळीस-पन्नास वेळा तरी मेलो असेन. मित्र म्हणतो गेमच तसला आहे, सोडून दे. गेम अन्याय करायलाय का मीच चुकायलो?

उत्तर: सोडू नको भावा, आणि तू चुकलेला पण नाहीस, तू फक्त लवकर पोचलास. ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसलं की सोनेरी किरण दिसतो ना, त्या किरणाच्या मागं मागं जो जाईल तो सरळ मार्गिटच्या काठीखाली जाऊन उभा राहतो, सगळ्यांचं हेच होतं, माझंही झालं. पण तो किरण नुसती दिशा दाखवतो, तिकडंच जा असा हुकूम देत नाही. गेमनं सुरुवातीलाच ही गोष्ट सांगितलेली असते, फक्त बोलून नाही सांगितलेली: पहिल्या दारातून बाहेर पडलास की समोरच सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार फिरत असतो, त्याच्याशी लढायला गेलास की दोन फटक्यात संपतोस. तिथंच शिकायचं असतं की याला वळसा घालून पुढं जाता येतं, नंतर कधीतरी येऊ.

तर आता किल्ल्याकडं पाठ कर आणि दक्षिणेला जा, पूल ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला लागतं. तिथं तीन पडकी चर्च आहेत, तिन्हीत एकेक सेक्रेड टिअर आहे, त्यानं तुझी औषधाची बाटली जास्त जोरकस होते. वाटेत जितके रून, म्हणजे शत्रू मारून होणारी कमाई, मिळतील ते आधी व्हिगरमधे, म्हणजे अंगातला जीव वाढवण्यात, टाक, वीस-पंचवीसपर्यंत ने. नवीन पोरं सगळे रून ताकदीत नाहीतर डेक्स्टेरिटीत (चपळाईत) घालतात आणि अंगात जीवच नसतो, मग एका फटक्यात आडवे. तलवार सुधारायला स्मिदिंग स्टोन लाव, चर्च ऑफ एलेहमधे ऐरण आहे तिथं प्लस तीनपर्यंत, म्हणजे तीन पायऱ्या, सुधारते, आणि रात्री त्याच चर्चमधे एक निळी बाई बसलेली असते तिच्याशी बोल, ती घंटी आणि लांडग्यांची राख देते, त्यानं लढाईत मदतीला लांडगे बोलावता येतात. घोडा टॉरेंट मिळाल्यावरच ती दिसते, घाई केलेल्यांची ती राहूनच जाते. मार्गिटशी लढताना ते तीन लांडगे बोलावले की तो त्यांच्यामागं लागतो आणि तुला पाठीमागून मारायला जागा मिळते. मर्कवॉटर नावाच्या गुहेत पॅचेस म्हणून एक बदमाश बसलाय, त्याला जिवंत सोडलंस तर तो पाच हजार रूनला मार्गिटची बेडी विकतो, ती वापरली की तो थोडा वेळ जमिनीला खिळून राहतो.

अजून एक. मार्गिट काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो, तू घाबरून लोळतोस, लोळणं संपलं की मग तो मारतो. काठी उचलताना बघू नको, खाली येताना बघ.

या सगळ्यात मला जे सांगायचंय ते हे की या गेमची खरी ताकद इथंच आहे, तो तुझ्यावर विश्वास टाकतो. नकाशावर शंभर खुणा टाकून आता इकडं ये, आता तिकडं जा असं करत नाही. तुला एखादा बुरूज दिसला, धूर दिसला, तू घोडा वळवलास, तिथं काहीतरी असतंच. मी एकदा लिमग्रेव्ह या पहिल्याच प्रदेशाच्या पूर्वेला दाट झाडीत एक बांधकाम बघितलं, वाटलं विहीर असेल, आपल्याकडच्या बारवेसारखं काहीतरी, आत लिफ्ट होती म्हणून उभा राहिलो. लिफ्ट खाली चालली, चालली, थांबेचना. शेवटी दार उघडलं तर जमिनीच्या पोटात नदी आणि वर आभाळ, चांदण्यांनी भरलेलं. कुणी सांगितलं नव्हतं तिथं जा म्हणून. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि नुसता बघत बसलो. तुला ती जागा अजून सापडायची आहे, म्हणून म्हणतो सोडू नको.

प्रश्न, नांदेडहून: माझ्याकडं जुना पीएस फोर आहे, हार्ड डिस्कवाला. सेकंडहँड डिस्क मिळायलीय. चालेल का नीट? आणि आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही.

उत्तर: चालतो. पीएस फोरवर सेकंदाला तीस फ्रेमचा (चित्रांचा) आहे, मोकळ्या रानात घोडा पळवताना अधूनमधून अडखळतो, पण खेळता येतो, मी पहिल्यांदा पूर्ण पीएस फोरवरच केला. खरा त्रास लोडिंगचा आहे. या गेममधे माणूस सारखा मरतो आणि मेलं की पुन्हा लोड होईपर्यंत बसून राहावं लागतं, हार्ड डिस्कवर ते लै जाणवतं. जमलं तर आत साधी साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, बसवून घे, पीएस फोरला ती बसते.

डिस्क घे, डाउनलोडच्या मागं लागू नको. खेळून झाला तर विकता येतो, आणि उद्या डिस्कवाला पीएस फाइव्ह घेतलास तर त्याच डिस्कवर पीएस फाइव्हचं व्हर्जन फुकट मिळतं. अपडेट मात्र एकदा वायफायवर सगळे टाकून घे, गेम आल्यानंतर बऱ्याच गोष्टी दुरुस्त केल्यात, जुन्या डिस्कवरचा गेम जसाच्या तसा खेळू नको.

लाइटचं म्हणशील तर गेम स्वतःच सारखा सेव्ह करत असतो, त्यामुळं लाइट गेली तरी दोन तासांची मेहनत सहसा जात नाही. पण नेमकं सेव्ह होताना गेली तर फाइल खराब होऊ शकते, आणि सेव्हची जागा एकच, मागं जायला दुसरी नसते. माझे एकदा उन्हाळ्यात चाळीस तास असेच गेले, तेव्हापासून दर रविवारी पेन ड्राइव्हवर कॉपी काढतो. पीएस फोरच्या सेटिंगमधे ती सोय आहे. पीएस फाइव्हच्या गेमांना पेन ड्राइव्हची सोय नाही, तिथं क्लाउडच लागतं आणि त्याला पीएस प्लस, म्हणजे सोनीची पैसे भरून घ्यायची वर्गणी, लागतं, तेव्हा या एका बाबतीत तुझं जुनं मशीनच बरं आहे. टीव्ही आणि कन्सोल दोन्ही इन्व्हर्टरवर घेता आले तर बघ.

प्रश्न, परभणीहून: सगळेच नुसतं कौतुक करायलेत. यात वाईट काय आहे ते स्पष्ट सांगा, पैसे घालायच्या आधी कळू द्या.

उत्तर: बरोबर विचारलंत, सांगतो.

पहिली गोष्ट, गेम फार मोठा आहे आणि तो मोठेपणा शेवटी शेवटी भरताड वाटायला लागतो. जमिनीखालची थडगी, खाणी, गुहा सुरुवातीला एकदम भारी वाटतात, पण दहावं थडगं उतरता तेव्हा कळतं की भिंती त्याच, तरफ तीच, आणि खाली तोच दगडी मांजरासारखा राखणदार, फक्त या वेळी हातात वेगळी काठी. ड्रॅगनचंही तसंच, पहिला ड्रॅगन तळ्यावर उतरतो तेव्हा अंगावर काटा येतो, सातवा येतो तेव्हा घोडा काढून निघून जावं वाटतं. पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते गॉड्रिकचं. गॉड्रिक म्हणजे पहिल्या किल्ल्याचा मालक, त्याची लढाई, त्याचं रूप, त्याचं ते वेडं बोलणं, सगळं एकदाच बघण्यासारखं. आणि पुढं ऑल्टसच्या पठारावर एका गोल कैदखान्यात तोच देह, त्याच चाली, नाव तेवढं गॉडफ्रॉय. असं केलं की पहिल्या लढाईचीही किंमत उतरते. आणि एकदाच दिसायला पाहिजे अशा गोष्टी या गेममधे अजूनही आहेत ज्या दुसऱ्यांदा दिसतात.

दुसरी गोष्ट, बर्फाचा प्रदेश, माउंटनटॉप्स ऑफ द जायंट्स. सगळीकडं हिंडत तिथवर येता येता ऐंशी तास झालेले असतात, माणूस शेवटाकडं बघत असतो, आणि समोर येतं मोठं पांढरं मोकळं रान ज्यात लिमग्रेव्हसारखं दर वळणावर काही नाही. वर शत्रूंचा मार अचानक वाढतो. व्हिगर साठ करून गेलो तरी दोन-तीन फटक्यात खलास, म्हणजे इतके दिवस जे कमावलं त्याचा उपयोग काय असा राग येतो. मलेनिया नावाची बॉस तर बोलायलाच नको, तिचा वार तुम्हाला लागला की तिचीच तब्येत सुधारते, ढालीवर घेतला तरी सुधारते, आणि मधेच हवेत उडून अशी एक वारांची माळ लावते की पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यातून सुटण्याचा मार्गच कळत नाही. ती न मारताही गेम संपतो, तेवढं बरं आहे.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती त्याच विश्वासातून आलीय ज्याचं मी वर अंबाजोगाईच्या मित्राला कौतुक सांगितलं. रस्ता शोधायला माणसाला मोकळं सोडणं वेगळं आणि माणसांच्या गोष्टी शोधायला मोकळं सोडणं वेगळं. उदाहरण देतो. स्टॉर्महिलवर एक बोलणारा रांजण जमिनीत रुतून बसलेला सापडतो, अलेक्झांडर त्याचं नाव, चांगला माणसाएवढा रांजण, हात-पाय असलेला, मोठा योद्धा व्हायचं स्वप्न बघणारा. त्याला मागून जोरात हाणलं की तो सुटतो आणि आभार मानतो. किती गोड माणूस आहे हा, माणूसच म्हणतो मी त्याला. पुढं तो राडान नावाच्या बॉसच्या लढाईला येतो, मग परत लिउर्निया नावाच्या प्रदेशात एका खड्ड्यात रुततो, तिथं आधी तेलाचं मडकं फोडून त्याला तेल लावावं लागतं अन मग हाणावं लागतं, मग ज्वालामुखीच्या डोंगरात भेटतो, मग अजून पुढं. शेवट असा आहे की माझा गळा दाटून आला होता. पण हे सगळं तो कुठं भेटेल हे कोण सांगतं? कुणीच नाही. एखादी महत्त्वाची भेट चुकली तर तो तुमच्या गेममधून हरवलाच समजा. गेममधे वही नाही, कुणी काय सांगितलं याची नोंद नाही, तुम्ही चार दिवस परीक्षेमुळं किंवा पेरणीमुळं खेळला नाहीत तर परत आल्यावर कोण कुठं गेलं काही आठवत नाही. गेम आल्यावर महिनाभरानं एका अपडेटमधे भेटलेल्या लोकांची नावं नकाशावर दिसायला लागली, तेवढा आधार आहे, पण तो माणूस पुढं कुठं गेला हे त्यातनं कळत नाही. मी दोनशे पानी वही केली होती. तुम्हीही करा, खरंच सांगतो, नाव, जागा आणि काय म्हणाला एवढं लिहून ठेवा.

आणखी बारीकसारीक, मोठ्या राक्षसाच्या पायाशी लढताना कॅमेरा त्याच्या घोट्याला चिकटतो आणि वरून काय येतंय दिसत नाही. शेवटच्या बॉसमागं तर नुसतं पळत राहावं लागायचं, घोडा बोलावता यायचा नाही, ते जून 2024 च्या अपडेटमधे बदललं, आता बोलावता येतो. उशिरा का होईना ऐकलं.

एवढं असून पैसे घालायचे का? घाला. पहिले पन्नास तास, म्हणजे लिमग्रेव्हपासून सोनेरी राजधानीपर्यंत, त्याच्या तोडीचं मी कन्सोलवर दुसरं काही खेळलो नाही. एक तृतीयांश कापला असता तर अजून चांगला झाला असता हे माझं पक्कं मत आहे.

प्रश्न, छत्रपती संभाजीनगरहून: माझं इंग्रजी बेताचं आहे. गेममधे काय बोलतात ते अर्धं कळत नाही. हिंदी आहे का? कथा कळली नाही तर मजा जाईल का?

उत्तर: हिंदी नाही, मराठी नाही. बोलणं तर सगळ्या देशांत इंग्रजीच आहे, जपानमधेसुद्धा, आणि तेही जुन्या वळणाचं, आपल्याकडं पोथीतली भाषा असते तसं, त्यामुळं चांगलं इंग्रजी येणारेही थबकतात. सबटायटल चालू ठेवा. जगाची जुनी हकीकत, म्हणजे आपण यायच्या आधी तिथं काय घडलं ते, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहून दिलं आणि त्यावर कंपनीनं गेम उभा केला. पण ती हकीकत सलग कुठंच सांगितलेली नाही, तलवारीच्या माहितीत दोन ओळी, अंगठीच्या माहितीत दोन ओळी, अशी विखरून टाकलीय. वाचायची आवड असलेल्याला यात फार रस येतो, ज्याला नाही त्याला शेवटी आपण हे सगळं कशासाठी केलं तेच कळत नाही, ही तक्रार मला खरी वाटते.

पण तुम्ही तर देवगिरीच्या पायथ्याशी राहता, तुम्हाला एक गोष्ट लगेच कळेल. देवगिरीवर चढताना कुणी गाइड नसला तरी किल्लाच बोलतो ना? खंदक, आत जायला एकच अरुंद वाट, ती अंधारी, मधेच फसवणारी वळणं, शत्रूला कुठं न्यायचं आणि कुठं कोंडून मारायचं हे बांधणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं. स्टॉर्मव्हेलचा, म्हणजे गॉड्रिकचा, किल्ला तसा बांधलाय. दारातला माणूस म्हणतो मुख्य दारानं जाऊ नका, बाजूच्या भगदाडातनं जा, आणि न ऐकता मुख्य दारानं गेलात की समोरून मोठाले बाण येतात. कड्यावरून, पडक्या गच्चीवरून, छपरावरून तुम्ही फिरत फिरत वर जाता आणि तासाभरानं एक लिफ्ट खाली घेते तर काय, जिथून निघालो तिथंच. गॉड्रिक अंगानं कमजोर, म्हणून दुसऱ्यांचे हात-पाय कापून स्वतःला जोडून घेतो, हे सांगायला कुणी भाषण करत नाही, तुम्ही ज्या खोल्यांतनं जाता तिथं ते पडलेलं दिसतं. ही कथा बघायला इंग्रजी लागत नाही. डोळे उघडे ठेवून हळू चाला, पळू नका.

प्रश्न, लातूरहून: आम्ही दोघं भाऊ. एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येतं का?

उत्तर: नाही रे, स्क्रीन वाटून खेळायची सोय नाही. दोन कन्सोल, दोन डिस्क, इंटरनेट आणि प्लेस्टेशनवर दोघांना पीएस प्लस, असं असेल तर जमतं, पासवर्ड ठेवला की एकमेकांनाच भेटता. पण तेही तुटक आहे, दुसरा जगात आला की घोडा बंद, आणि बॉस मेला की आलेला परत आपल्या घरी, पुन्हा बोलवा. मोकळ्या रानात दोघं जोडीनं हिंडू ही कल्पना मनातून काढा. एकट्यानं खेळायला पीएस प्लस लागत नाही, ऑफलाइनही पूर्ण होतो. माझं ऐकाल तर एकच कॅरेक्टर करा, मेला की कंट्रोलर दुसऱ्याकडं. मी आणि माझा चुलतभाऊ दिवाळीच्या सुट्टीत राडानशी असंच लढलो, तो खेळायचा तेव्हा मी त्याच्या चाली बघून सांगायचो, आणि दुसऱ्याला खेळताना बघून जे कळतं ते स्वतः खेळताना कळत नाही.

प्रश्न, बीडहून: माझा मुलगा अकरावीला आहे. हा गेम घेतल्यापासून जेवायला हाक मारली की म्हणतो, "आई, हा थांबवता येत नाही." खरं आहे का हे? आणि मारामारीचा आहे असं ऐकलं, त्याच्या वयाला ठीक आहे का?

उत्तर: ताई, तो खोटं बोलत नाही. बाकी जवळपास सगळ्या गेमना पॉजचं बटण असतं, याला नाही, एकटा खेळत असला तरी नाही, आणि ही मला या गेमची सरळसरळ चूक वाटते. घरात माणसं असतात, दार वाजतं, कुकरची शिट्टी होते. पण एक वाट आहे. मेनू उघडून हेल्पचं बटण दाबलं की मेनू एक्स्प्लनेशन असा पर्याय येतो, ते पान उघडं ठेवलं की गेम तिथंच थांबतो. आणि लढाई चालू नसेल तर मेनूमधनं सरळ बाहेर पडता येतं, परत आलं की जिथं होता तिथंच उभा असतो, काही जात नाही.

वयाचं म्हणाल तर युरोपात याला सोळाच्या पुढं आणि अमेरिकेत सतराच्या पुढं असं लेबल आहे. रक्त आहे, कापलेले हात-पाय आहेत, काही राक्षस बघून मोठ्या माणसालाही किळस येईल. अश्लील असं काही मला त्यात खटकलं नाही. अकरावीतल्या पोराला चालेल असं माझं मत आहे, घरात लहान भावंडं असतील तर ती समोर नसताना खेळू द्या. वेळ मात्र हा गेम फार खातो, सरळ सरळ खेळला तरी साठेक तास, सगळं बघायचं म्हटलं तर सव्वाशेच्या पुढं, म्हणून बारावीच्या वर्षात हा सुरू करायचा नाही असं आत्ताच दोघांनी बसून ठरवा, या वर्षी शनिवार-रविवार ठेवा.

आणि एकदा त्याच्या शेजारी बसून बघा ताई. हाक मारली तेव्हा तो नुसता घोड्यावर हिंडत असेल तर लगेच उठायला सांगा. पण पडद्यावर खाली मोठी लाल पट्टी आणि त्यावर नाव दिसत असेल तर पाच मिनिटं द्या त्याला, एक लढाई सहसा त्याहून जास्त चालत नाही, एक तर तो मारतो नाहीतर मरतो.